पायथनमधील संचिकांचे नामविस्तार

संचिकेच्या नावातील शेवटच्या टिंबानंतर येणाऱ्या अक्षरांना नामविस्तार किंवा एक्स्टेन्शन म्हणतात. नेदरलँड्समधील गुइडो व्हान रॉसम यांनी घडवलेल्या व १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या पायथन या आज्ञावली भाषेत नामविस्ताराचे महत्त्व प्रसंगानुसार बदलते. संचिका थेट चालवताना ते नगण्य असते. आयात करताना मात्र निर्णायक ठरते.

थेट चालवणे

पायथनच्या इंटरप्रिटरला मजकुराच्या संचिकेचे पूर्ण नाव दिले, तर 'गणित.टीएक्सटी' या संचिकेतील आज्ञाही तो पार पाडतो. विंडोजमध्ये संचिकेवर टिचकी मारल्यावर ती कोणत्या प्रणालीने उघडायची, हे मात्र नामविस्तारावरून ठरते. तो 'पीवायडब्ल्यू' असल्यास आज्ञावली कन्सोलची खिडकी न उघडता चालते.

आयात

'इम्पोर्ट' या आज्ञेपुढे मॉड्यूलचे केवळ नाव लिहितात. भाषेतील अंतर्भूत मॉड्यूल प्रथम तपासले जातात. त्यानंतर 'सिस.पाथ' या यादीतील निर्देशिका क्रमाने धुंडाळल्या जातात. प्रत्येक निर्देशिकेत आधी त्या नावाचे पॅकेज, मग सी भाषेसारख्या भाषेतून संकलित केलेली संचिका (लिनक्सवर 'एसओ', विंडोजवर 'पीवायडी'), त्यानंतर मूळ 'पीवाय' आणि शेवटी 'पीवायसी' असा शोधाचा क्रम असतो. पहिली जुळणारी संचिका सापडताच शोध थांबतो.

पीवायसी संचिका

मॉड्यूल प्रथम आयात होताना त्याचे बाइटकोडमध्ये रूपांतर होते व ते 'पीवायसी' संचिकेत साठवले जाते. आवृत्ती ३.२ पासून या संचिका 'पायकॅश' नावाच्या स्वतंत्र निर्देशिकेत ठेवल्या जातात. त्यांत सामान्यतः मूळ संचिकेच्या शेवटच्या बदलाची वेळ व आकार नोंदलेला असतो. तो जुळला नाही, तर रूपांतर पुन्हा होते. 'पीवायओ' हा जुना नामविस्तार आवृत्ती ३.५ मध्ये रद्द झाला.

नेहमीच्या चुका

'इम्पोर्ट गणित.पीवाय' असे लिहिल्यास 'गणित' या पॅकेजमधील 'पीवाय' नावाच्या मॉड्यूलचा शोध घेतला जातो व त्रुटी येते. स्वतःच्या संचिकेला 'रँडम.पीवाय' असे नाव दिल्यास मूळ 'रँडम' मॉड्यूल झाकले जाते, कारण चालवलेल्या संचिकेची निर्देशिका यादीत सर्वप्रथम असते. विंडोज परिचित नामविस्तार लपवते. त्यामुळे 'गणित.पीवाय' दिसणारी संचिका प्रत्यक्षात 'गणित.पीवाय.टीएक्सटी' असू शकते. ती थेट चालते, पण आयात होत नाही. अशा वेळी आज्ञांमध्ये दोष शोधण्यापूर्वी संचिकेचे पूर्ण नाव तपासणे श्रेयस्कर ठरते.