संगणक का तापतो?

मे महिन्यातील मुरूडची दुपार कशी असते, हे तुम्हांला सांगायला नको. समुद्रावरून वारा येतो, पण अंगाची चिकचिक जात नाही. अशाच एका दुपारी माझा भाचा धापा टाकीत आला.

"मामू, खेळता खेळता संगणक आपोआप बंद पडतो. थोड्या वेळाने सुरू होतो, खेळ लावला की पुन्हा बंद! अम्मीला सांगू नका."

त्याचे अब्बा कुवेतला नोकरी करतात. मुलांच्या अभ्यासासाठी त्यांनी पैसे साठवून तो संगणक घेतला होता. एका दुकानदाराने तो न उघडताच सांगितले, "प्रोसेसर गेला. नवा घ्यावा लागेल." बिचाऱ्याला रात्रभर झोप लागली नव्हती.

प्रोसेसर हा संगणकाचा मेंदू. नखाएवढ्या जागेत कोट्यवधी सूक्ष्म स्विच असतात. त्यांना ट्रान्झिस्टर म्हणतात. प्रत्येक उघडझापीला थोडी वीज लागते आणि त्या विजेची शेवटी उष्णताच होते. १९७१ साली निघालेल्या ४००४ या प्रोसेसरमध्ये सुमारे २३०० ट्रान्झिस्टर होते. त्याला पंखा लागत नसे. १९९३ च्या पेंटियममध्ये ते ३१ लाख झाले. आज घरच्या संगणकातील अनेक प्रोसेसर भर कामात ६५ ते १२५ वॅट, काही तर त्याहूनही जास्त वीज घेतात. जुना ६० वॅटचा दिवा हाताला चटका देत असे. येथे तेवढी किंवा त्याहून अधिक उष्णता नखाएवढ्या जागेतून बाहेर पडायची असते!

पत्र लिहिताना प्रोसेसर बहुतेक वेळ रिकामाच बसलेला असतो. खेळात मात्र मोटार कोठे आहे, चेंडू कोणत्या दिशेला गेला, कोण कोणाला धडकले, हा सगळा हिशेब एका सेकंदात ६० वेळा किंवा त्याहून अधिक करावा लागतो. चित्रे काढणारी वेगळी चिप असेल तर तीही सोबत तापते. म्हणून खेळतानाच संगणक बंद पडतो, निबंध लिहिताना नाही. (भाच्याने यावरून काढलेला निष्कर्ष, "म्हणजे निबंध कंटाळवाणाच असतो", मला मान्य नाही.)

गरम चहा कपातून बशीत ओतला की लवकर निवतो, कारण त्याला हवेचा स्पर्श जास्त जागेवर होतो. प्रोसेसरवर बसवलेला धातूचा ठोकळा हेच करतो. त्याला अनेक पातळ पाती असतात. उष्णता पात्यांत पसरते आणि पंख्याची हवा ती घेऊन जाते. प्रोसेसर आणि ठोकळा यांच्यामधील बारीक फटींत हवा राहिली तर उष्णता अडते, म्हणून तेथे एक लेप लावतात. तांदळाच्या भाकरीला लोणी फासतात तसा जाड थर मात्र नको. वाटाण्याएवढा ठिपका पुरे.

आता माठ आठवा. त्यातून पाझरलेल्या पाण्याची वाफ होते, म्हणून आतले पाणी हवेपेक्षाही गार होते. संगणकाच्या पंख्याला हे जमत नाही. तो गारवा निर्माण करीत नाही, फक्त गरम हवा सारून खोलीतील हवा आणतो. समजा, भर खेळात प्रोसेसर खोलीपेक्षा ५० अंशांनी जास्त तापतो. खोली २५ अंशांवर असेल तर तो ७५ वर राहील. ३३ अंशांवर असेल तर ८३ वर जाईल. अनेक प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोहोचले की स्वतःच वेग कमी करतात. तरीही भागले नाही, तर संगणक बंद होतो. ही त्याची स्वतःला वाचवण्याची सोय आहे.

बर्फ ठेवणे हा उपाय नव्हे. आपल्या दमट हवेत गार वस्तूला लगेच पाणी सुटते, आणि वीज व पाणी यांचे वैर आहे.

आपल्या मच्छीमार होड्यांच्या कडेने पाण्याची धार पडताना तुम्ही पाहिली असेल. इंजिनाची उष्णता समुद्राचे पाणी घेऊन जाते. मोठ्या संगणकांतही ही युक्ती वापरतात. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत २०१९ साली सुरू झालेल्या 'परम ब्रह्म' या महासंगणकात उष्णता वाहून नेण्यासाठी द्रव थेट प्रोसेसरपर्यंत खेळवला आहे.

भाच्याच्या संगणकाला एवढा थाट नको होता. वायर काढून, तो निवू देऊन आम्ही झाकण उघडले. समुद्राकडच्या खिडकीतून आलेली दमट, खारट धूळ पात्यांत कापसासारखी घट्ट बसली होती. पंखा फिरत होता, पण हवेला वाटच नव्हती. पंखा बोटाने धरून आम्ही मऊ ब्रशने कोरडी धूळ काढली. ओले फडके लावले नाही. सुकलेला लेप पुसून नवा लावला. त्याचा पडदा सेकंदाला ६० चित्रेच दाखवू शकत होता, म्हणून खेळही ६० चित्रांवर थांबवला. जास्तीची चित्रे कोणी पाहतच नव्हते!

आधी तोच खेळ लावल्यावर तापमान ९८ अंशांपर्यंत गेले होते. आता अर्धा तास झाला तरी ते ७९ च्या वर गेले नाही. भाच्याने टेबल खिडकीपासून ओढून आतल्या भिंतीशी नेले, मागे वीतभर जागा सोडली, आणि मग स्वतःच अम्मीला सगळे सांगायला गेला.