नवजात शिशू अतिदक्षता विभागातील शिकाऊ प्रसविका

अहवाल वर्षात अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या एका आजींनी मला विचारले, "साहेब, आमच्या नातीला शिकाऊ मुली हात लावतात का हो?" प्रश्न रास्त होता. अनेक कुटुंबांच्या मनात तो असतो. म्हणून येथे सविस्तर उत्तर देत आहे.

परिचर्या व प्रसविका अभ्यासक्रमाच्या विद्यार्थिनी प्रसूतिकक्षात बहुधा पूर्ण दिवसांची, सुदृढ बाळे पाहतात. परंतु ३७ आठवड्यांपूर्वी जन्मलेले किंवा अडीच किलोहून कमी वजनाचे बाळही उद्या त्यांच्याच हाती येईल. कदाचित बालरोगतज्ज्ञ जवळ नसलेल्या एखाद्या खेड्यात. त्यासाठीच त्यांना या विभागात अनुभव दिला जातो.

पहिला धडा हात धुण्याचा, कारण इवल्या जिवाला जंतुसंसर्गाची भीती मोठी. दुसरा उबेचा. अशा बाळाच्या त्वचेखाली चरबी अल्प असते. थंडी बाधली की त्याची साखर व प्राणवायू ऊब राखण्यातच खर्ची पडतात. म्हणून तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस राखावे लागते. तिसरा दुधाचा. साधारण ३४ आठवड्यांपूर्वी चोखणे, गिळणे व श्वास घेणे यांचा मेळ बसत नाही. तोवर आईचे काढलेले दूध नळीने द्यावे लागते. आईला दूध काढण्यास धीर देणे, हेही विद्यार्थिनीचेच काम.

औषधाची मात्रा ठरविणे वा श्वसनयंत्रात बदल करणे हे मात्र तिच्या कक्षेबाहेर आहे. प्रत्येक कृती अनुभवी परिचारिकेच्या देखरेखीखाली होते. पालकांना नकार देण्याचा पूर्ण अधिकार आहे; त्यामुळे उपचारांत तसूभरही फरक पडत नाही.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. जमाखर्च पाहण्याची मला सवय. ज्येष्ठ परिचारिकेचा शिकविण्यात जाणारा वेळ कोणत्याही देयकात लागत नाही. तो भार आपल्यासारख्या दात्यांच्या देणग्यांमुळेच पेलतो.

त्या आजींनी होकार दिला. काही दिवसांनी बाळाची प्रकृती स्थिरावल्यावर, परिचारिकेच्या देखरेखीखाली विद्यार्थिनीने ते आईच्या उघड्या छातीशी ठेवले. ही 'कांगारू माता सेवा' १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे सुरू झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कमी दिवसांच्या व कमी वजनाच्या बाळांसाठी, शक्य तितक्या लवकर, दररोज ८ ते २४ तास तिची शिफारस केली आहे.

काचेपलीकडून आजी पाहत होत्या. त्यांनी त्या मुलीचे नाव विचारून घेतले.