मोरचुदाला न बधणारे जिवाणू

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत बोर्डो मिश्रण घरच्यासारखे झाले आहे. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. मिश्रण जमले का, हे पाहायला त्यात लोखंडी विळा बुडवतात. पात्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला. मोरचुदात पाव हिस्सा तांबे, म्हणजे शंभर लिटरमागे अडीचशे ग्रॅम. त्याने केवडा हा रोग आटोक्यात राहतो, पण तांबे हे मूलद्रव्य असल्याने कुजत नाही की उन्हात विरत नाही. पानांवरून ओघळून ते मातीच्या वरच्या थरात साठत जाते. पानांवर आणि त्या मातीत राहणाऱ्या जिवाणूंना त्याच्याशी जुळवून घ्यावे लागते.

या मिश्रणाचे श्रेय फ्रान्सच्या मिलार्दे यांना मिळते. १८८२ मध्ये बोर्डो भागात रस्त्याकडेच्या वेली त्यांना निरोगी दिसल्या. वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून मालकांनी त्यांवर मोरचूद-चुना मारला होता. गोष्ट रंजक खरी, पण तिच्यापायी बेनेदिक्त प्रेव्हो विस्मरणात गेले. तांब्याच्या भांड्यातून ऊर्ध्वपातित केलेल्या पाण्यात गव्हावरील काणीचे बीजाणू नीट रुजत नाहीत, हे त्यांनी १८०७ मध्येच नोंदवले आणि बियाण्याला मोरचूद लावण्याचा उपाय सुचवला. पॅरिसच्या पंडितांना तो पटला नाही. नाशिकच्या तांबट आळीत घडलेल्या हंड्यातले पाणीही तांब्याच्या त्याच गुणामुळे टिकते.

थोडे तांबे पेशीला लागतेच. श्वसनाचे एक मुख्य एन्झाइम त्यावर चालते. जास्त झाले, की ते इतर एन्झाइमांमधल्या लोह-गंधकाच्या जोडण्यांतून लोहाला हुसकून लावते आणि पेशीचे काम ठप्प होते. म्हणून जिवाणूंचा पहारा विलक्षण कडक असतो. ई. कोलायमधले ‘क्यूआर’ नावाचे प्रथिन तांब्याचा इतका सूक्ष्म अंश ओळखते, की पेशीत तांब्याचा एकही सुटा अणू खपवून घेतला जात नाही, असाच त्याचा अर्थ होतो. त्याने इशारा देताच आतल्या पटलातले पंप तांबे बाहेर ढकलतात. दोन पटलांमधल्या जागेत एक एन्झाइम त्याचे कमी घातक रूप करते, आणि दुसरा पंप ते थेट पेशीबाहेर फेकतो.

टोमॅटोवरच्या स्युडोमोनास सिरिंजीची तऱ्हा वेगळी. अमेरिकेत डोनाल्ड कुक्सी यांनी या जिवाणूचे तांबे सोसणारे वाण तांबेमिश्रित माध्यमावर वाढवले, तेव्हा त्यांच्या वसाहती चक्क निळ्या झाल्या. पटलांमधली प्रथिने तांबे धरून ठेवतात, त्याचा हा रंग. ही जनुके प्लाझ्मिडवर होती, म्हणजे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणारी. कसमादे पट्ट्यातल्या डाळिंब बागायतदारांनी हे लक्षात घ्यावे. तेल्या हा जिवाणूजन्य रोग, आणि त्यावर बोर्डोच्या जोडीला वर्षानुवर्षे स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक असलेले स्ट्रेप्टोसायक्लिन फवारले गेले. स्युडोमोनासच्या काही प्लाझ्मिडांवर तांबे आणि स्ट्रेप्टोमायसिन या दोन्हींना पुरून उरणारी जनुके एकत्र सापडली आहेत. तिथे एकाची फवारणी दुसऱ्यालाही दाद न देणारे जिवाणू निवडून देते.

‘विष खाणारे जिवाणू’ हा मथळा मात्र बहुतेक वेळा फसवा असतो. कॅलिफोर्नियातल्या मोनो सरोवरातला जिवाणू डीएनएमध्ये फॉस्फरसऐवजी आर्सेनिक वापरतो, असा दावा २०१० मध्ये गाजला. दोन वर्षांत तो प्रयोगांनी खोडला गेला आणि २०२५ मध्ये ‘सायन्स’ने तो शोधनिबंधच मागे घेतला. प्लेटिंगच्या सांडपाण्यातल्या विषारी षट्संयुजी क्रोमियमचे काही जिवाणू सौम्य त्रिसंयुजी रूप करतात, पण क्रोमियम उरतेच. पाऱ्याची वाफ करणारे जिवाणू तो हवेत सोडतात. जिवाणू धातूचे रूप किंवा जागा बदलतात. अणू नष्ट करणे त्यांच्या आवाक्यात नाही. ‘जमिनीतले तांबे संपवणारे’ कल्चर कोणी विकायला आणले, तर ते तांबे जाणार कुठे, हे आधी विचारावे.