हिमेयुरी : बंद पडलेल्या शाळेने जपलेली नावे

जपानच्या दक्षिणेकडील ओकिनावा बेटावर, नाहाजवळच्या आसातो येथे, १९४५ पूर्वी मुलींच्या दोन शाळा एकाच आवारात भरत. एक अध्यापक विद्यालयाचा महिला विभाग, तर दुसरे ओकिनावा प्रांताचे पहिले कन्या हायस्कूल. दोन्हींचे मुख्याध्यापक एकच होते. एका शाळेच्या वार्षिकाचे नाव ‘ओतोहिमे’, दुसरीच्या ‘शिरायुरी’. ही दोन नावे जोडून ‘हिमेयुरी’ हे नाव तयार झाले. आज जगाला ते युद्धात मेलेल्या मुलींचे नाव म्हणून माहीत आहे. मुळात ते शाळेच्या अंकाचे होते.

दुसऱ्या महायुद्धातील ओकिनावाच्या लढाईच्या तोंडावर, २३ मार्च १९४५ च्या रात्री, या शाळांतल्या २२२ विद्यार्थिनी आणि १८ शिक्षक हाएबारूच्या लष्करी रुग्णालयाकडे निघाले. मुली पंधरा ते एकोणीस वर्षांच्या. लढाई थोड्याच दिवसांत आटोपेल आणि पुन्हा वर्ग भरतील अशा समजुतीने कित्येकींनी वह्यापुस्तके आणि कंगवेही बरोबर घेतले होते. २९ मार्चच्या रात्री तोफांच्या आवाजात, मिणमिणत्या उजेडात, एका बराकीत पदवीदान समारंभ उरकला गेला. निरोपासाठी मुलींनी एक नवे गाणे बसवले होते. ते त्या रात्री म्हटलेच गेले नाही. त्याऐवजी लष्करी गीत म्हटले गेले.

हे रुग्णालय म्हणजे टेकडीत खणलेली भुयारे होती. जखमींना पाणी पाजणे, गोळीबारातून भाताची बादली आणणे, कापलेले हातपाय बाहेर नेऊन टाकणे, मृतांना पुरणे ही कामे या मुलींच्या वाट्याला आली. मेच्या अखेरीस जपानी सैन्य दक्षिणेकडे हटले. चालता न येणारे जखमी मागेच राहिले आणि मुली दक्षिणेच्या गुहांत विखुरल्या. १८ जूनच्या रात्री त्यांना सांगण्यात आले की, विद्यार्थिनींचे पथक बरखास्त झाले असून यापुढे ज्याने त्याने आपले पाहावे. गुहेबाहेर चहूकडे अमेरिकी तोफा होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी इहारा येथील तिसऱ्या शस्त्रक्रिया विभागाच्या गुहेवर हल्ला झाला. आत शंभरच्या आसपास माणसे होती, त्यांपैकी ऐंशीहून अधिक मेली. रुग्णालयात नेलेल्या २४० जणांपैकी १३६ जण लढाईत गेले आणि त्यांतले बहुसंख्य या आदेशानंतरच्या मोजक्या दिवसांत. तीन महिने राबवून घेतलेल्या मुलींना ऐन मरणाच्या तोंडी वाऱ्यावर सोडणारा तो आदेश या सगळ्या प्रकरणातली सर्वांत निर्दय गोष्ट मानावी लागते. रुग्णालयात न गेलेल्या पण युद्धात मारल्या गेलेल्या मुली व शिक्षक धरले, तर दोन्ही शाळांनी २२७ माणसे गमावली.

पहिले स्मारक शाळेने उभारले नाही. शाळा उरलीच नव्हती. युद्धानंतर मावाशी गावच्या लोकांना दक्षिणेतल्या या गुहांच्या भागात आणून वसवण्यात आले, तेव्हा शेताशिवारात हाडे पसरलेली होती. गावाचे प्रमुख किन्जो वाशिन यांच्या पुढाकाराने लोकांनी ती गोळा केली. किन्जो यांच्या स्वतःच्या मुलीही परतल्या नव्हत्या. एप्रिल १९४६ मध्ये इहाराच्या गुहेच्या तोंडाशी एक लहानसा दगड उभा राहिला, तोच ‘हिमेयुरी नो तो’. पुढे शेजारी मोठे स्मारक झाले, पण तो ठेंगणा दगड अजून तिथेच आहे.

मग या मुलींवर कादंबरी आली आणि १९५३ मध्ये इमाई तादाशी यांचा चित्रपट आला. तो जपानभर गाजला. त्यातून देशासाठी हसत मेलेल्या निष्पाप कुमारिकांची एक हळवी प्रतिमा तयार झाली. वाचलेल्या मुलींना ती आपली वाटेना, पण त्या गप्प राहिल्या. मैत्रिणीच्या आईसमोर आपण जिवंत उभे राहणे त्यांना जड जाई. काहींनी कित्येक वर्षे त्या गुहांकडे पाऊलही टाकले नाही.

हे मौन सुटायला १९८० चे दशक उजाडावे लागले. माजी विद्यार्थिनी संघाने १९८२ मध्ये स्वतःचे संग्रहालय बांधायचे ठरवले. साठीकडे झुकलेल्या या बायका पुन्हा त्या गुहांत उतरल्या आणि चिखलातून फाउंटन पेन, कंगवे, कंपासपेट्या वेचून आणल्या. देणग्या जमवल्या, एकमेकींच्या आठवणी लिहून काढल्या. २३ जून १९८९ रोजी, म्हणजे ओकिनावाच्या स्मृतिदिनी, हिमेयुरी शांतता संग्रहालय उघडले. इमारतीला जुन्या शाळेचे रूप दिलेले आहे. पहिले संचालक नाकासोने सेइझेन हे मुलींबरोबर रुग्णालयात गेलेले आणि वाचलेले त्यांचे शिक्षक होते.

संग्रहालयाचा गाभा चौथ्या दालनात आहे. भिंतींवर दोनशेहून अधिक चेहरे, प्रत्येकाखाली नाव आणि चार ओळी: कोण कशी होती, काय आवडायचे, शेवटचे कुठे दिसली, कशी गेली. काहींच्या चौकटीत छायाचित्र नाही, कारण घरादारासकट तेही जळाले. शेजारी इहाराच्या गुहेची प्रतिकृती आहे आणि वाचलेल्यांच्या साक्षींची जाडजूड पुस्तके उघडी ठेवलेली आहेत. सिनेमातल्या एकसारख्या कुमारिका इथे उरत नाहीत. जी खेळात पुढे होती ती तशीच आहे आणि जी अबोल होती तीही तशीच. वर्गमैत्रिणींशिवाय हे दुसऱ्या कोणालाच लिहिता आले नसते.

हिमेयुरीच्या प्रसिद्धीमुळे इतर शाळा बराच काळ झाकोळल्या हेही नोंदवायला हवे. ओकिनावातील २१ शाळांतल्या मुलामुलींना लढाईत ओढले गेले होते. त्या सर्वांसाठीचा एकत्रित स्मृतिस्तंभ माबुनीच्या शांतता उद्यानात उभा राहायला २०१७ साल लागले.

वाचलेल्या विद्यार्थिनी सुमारे पाव शतक संग्रहालयात रोज लोकांशी बोलत राहिल्या. वय झाल्याने मार्च २०१५ मध्ये त्यांची नियमित व्याख्याने थांबली. २०१८ मध्ये युद्धानंतर जन्मलेल्या फुतेन्मा चोकेई संचालक झाल्या आणि २०२१ मध्ये मांडणी बदलली. आता युद्धाआधीच्या, शाळेत हसणाऱ्या मुलींची छायाचित्रे ठळक लावली आहेत, म्हणजे आजच्या शाळकरी मुलांना त्या आपल्यासारख्याच वाटाव्यात. दोन्ही शाळा १९४५ नंतर पुन्हा कधी भरल्या नाहीत, त्यामुळे माजी विद्यार्थिनी संघाला त्यानंतर एकही नवी सभासद मिळालेली नाही.