एकाच नावावरची गाडी

मोटार वाहन कायद्याप्रमाणे खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते, आणि ती मुदत सरली की दर पाच वर्षांनी गाडीला परिवहन कार्यालयापुढे रुजू होऊन, तपासणी देऊन, पुढील पाच वर्षांचा दाखला मिळवावा लागतो. तोच कायदा पंचावन्न वर्षे उलटलेल्या चालकालाही पाच-पाच वर्षांच्याच मुदतीने परवाना देतो आणि प्रत्येक वेळी वैद्यकीय प्रमाणपत्र मागतो. महाराष्ट्राच्या शहरांतून आजही असे काही वृद्ध गृहस्थ, आणि क्वचित गृहिणीही, आढळतात, की ज्यांना या दोन्ही हजेऱ्या एकाच गाडीसाठी भराव्या लागतात, ज्यांच्या नोंदपुस्तकातील मालकाच्या रकान्यात पहिल्या नावाखाली दुसरे नाव कधी लागलेच नाही, आणि ज्यांच्या गाडीवर एम.एच. ही अक्षरे येण्यापूर्वीचा तीन अक्षरांचा क्रमांक अद्याप कायम आहे. ही माणसे जुन्या गाड्यांची संग्राहक नव्हेत. मंडई, बँक, दवाखाना, देऊळ, संध्याकाळचे व्याख्यान, एवढाच त्यांच्या गाडीचा रोजचा संचार. परंतु तो रोजचा आहे, आणि या लेखाला जे काही सांगावयाचे आहे ते त्या 'रोज' या गोष्टीविषयीच आहे.

आपल्याकडे अशी गाडी बहुतेक वेळा फियाट असते. सोलापुरास १८८२ साली जन्मलेल्या, सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन, बंगळूरचा विमानांचा कारखाना आणि विशाखापट्टणची जहाजगोदी अशी एकाहून एक अवघड कार्ये अंगावर घेणाऱ्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली, आणि मुंबईच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आरंभी क्रायस्लर कंपनीच्या अमेरिकी गाड्या जोडून बाहेर पडू लागल्या. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला आणि १९५४ च्या सुमारास फियाट ११०० ही लहानखुरी, गोलसर अंगाची गाडी कुर्ल्याहून निघाली. तिलाच महाराष्ट्रात लोक डुक्कर फियाट म्हणू लागले, आणि त्या नावात तुच्छतेपेक्षा लडिवाळपणाच अधिक होता. १९६४ पासून तिची ११००-डी ही आवृत्ती आली, जी डिलाइट म्हणून ओळखली गेली, तीच सत्तरीच्या दशकात प्रथम प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग प्रीमियर पद्मिनी झाली, आणि बाह्य रूपात किरकोळ फेरफार सोसत विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तयार होत राहिली. इटलीत ही आवृत्ती १९६२ साली जन्मली आणि १९६६ साली बंद झाली. मायदेशी ज्या यंत्राला चार वर्षांचे आयुष्य लाभले त्याने कुर्ल्यात तीन दशकांहून अधिक काळ काढला, याचे मुख्य कारण सरकारी धोरणात होते. ज्यांच्याकडे देशात प्रत्यक्ष निर्मितीचा कार्यक्रम नाही अशा जोडणी-कारखान्यांना पन्नाशीच्या दशकात येथून गाशा गुंडाळावा लागला. जनरल मोटर्सचा मुंबईतला कारखानाही त्यात गेला, आणि सामान्य ग्राहकापुढे कलकत्त्याची ॲम्बॅसडर, मद्रासची स्टँडर्ड व मुंबईची फियाट एवढ्या तीनच गाड्या उरल्या.

त्या टंचाईच्या काळात गाडी घेणे हा व्यवहार आजच्यासारखा दुपारी ठरवून संध्याकाळी उरकण्याचा नव्हता. अनामत भरावी, नाव नोंदवावे, आणि मग वर्षानुवर्षे प्रतीक्षा यादीतला आपला क्रमांक कोठवर आला याची चौकशी करीत राहावे, असा तो क्रम होता. किमतीवर शासनाचे नियंत्रण होते आणि त्या नियंत्रणावरून कंपन्यांना थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले होते. पंतप्रधानपदी असताना लालबहादूर शास्त्री यांनी १९६४ साली सुमारे बारा हजारांची फियाट घेतली, तेव्हा त्यांनाही पाच हजारांचे कर्ज पंजाब नॅशनल बँकेकडून काढावे लागले, आणि १९६६ च्या जानेवारीत ताश्कंद येथे त्यांचे देहावसान झाल्यावर उरलेले कर्ज त्यांच्या पत्नी ललिताबाईंनी आपल्या निवृत्तिवेतनातून फेडले, हे सर्वश्रुत आहे. पंतप्रधानाच्या घरची ही स्थिती, तर प्राध्यापक, वकील, डॉक्टर किंवा कारखान्यातील अभियंता यांच्या घरी त्या खरेदीचे वजन केवढे असेल याची कल्पना करता येईल. ज्या वस्तूसाठी माणसाने यौवनाची पाच-सात वर्षे वाट पाहिली, ती वस्तू पुढे बाजारात चांगली किंमत येते म्हणून तो सहसा विकीत नाही. गाडीचा मालक एकच राहिला त्याचे मूळ, माझ्या मते, या दीर्घ प्रतीक्षेत आहे.

परंतु प्रेमाने गाडी राहते, चालत नाही. ती चालते याचे श्रेय प्रथम तिच्या रचनेला दिले पाहिजे. १०८९ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे, चाळीस-पन्नास अश्वशक्तीचे हे इंजिन इतके सुबोध आहे, की बॉनेट उघडल्यावर त्याचा प्रत्येक अवयव डोळ्यांना दिसतो आणि बहुतेक अवयवांपर्यंत साध्या पान्याने पोहोचता येते. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण कार्ब्युरेटर करतो. ठिणगीची वेळ डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंट ठरवितात. मागच्या चाकांना दांड्यामार्फत गती मिळते आणि त्यांचा भार पोलादी पाट्यांवर असतो. स्टिअरिंगच्या दांड्यालगतचा तो गिअर, जो आजच्या तरुणाला पहिल्या दिवशी सापडतही नाही, त्या मालकाच्या डाव्या हाताला पन्नास वर्षांच्या सरावाने इतका वश झालेला असतो की तो बदलल्याचे शेजारी बसलेल्याच्या ध्यानातही येऊ नये. ठराविक अंतरानंतर तेल बदलणे, टॅपेट सेट करणे, प्लग साफ करून त्यांतील फट मोजणे, पॉइंट घासून जुळविणे, ग्रीस भरणे, एवढ्या नित्यकर्मांवर हे यंत्र संतुष्ट असते. आणि यांपैकी एकही काम संगणकाला विचारून करावे लागत नाही.

रोज चालविण्याचे महत्त्व येथे येते, आणि त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे, कारण पुष्कळ सुज्ञ लोकांचीही समजूत अशी असते की जुनी गाडी जितकी कमी वापरावी तितकी ती अधिक टिकते. वस्तुस्थिती उलट आहे. गाडी उभी राहिली की कार्ब्युरेटरच्या वाटीतील पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट थर उरतो, जो बारीक छिद्रे बुजवितो. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते आणि तो ओलावा चाकांवरच्या ब्रेकच्या सिलिंडरांत गंज निर्माण करून पिस्टन जखडून टाकतो. बॅटरीचा प्रभार आपोआप उतरतो आणि तिच्या पट्ट्यांवर गंधकाच्या क्षाराचा थर घट्ट होत जातो. तेलाची सीले सुकतात. टायर एकाच जागी दबून आकार सोडतात. उंदीर वायरी कुरतडतात. आणि कोकणपट्टीच्या पावसात दारांखालचा व तळाचा पत्रा आतून कुजत असता बाहेरचा रंग मात्र शाबूत दिसतो. अलीकडे पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाऊ लागल्यापासून या आपत्तीत भर पडली आहे, कारण इथेनॉल पाणी ओढून घेते आणि जुन्या रबरी नळ्यांना व पंपाच्या पडद्यांना मानवत नाही. टाकीतले पेट्रोल जितके अधिक काळ पडून राहील तितका हा उपद्रव वाढतो. आठवड्यातून एकदा जागच्या जागी पाच मिनिटे इंजिन सुरू ठेवण्याचा जो उपाय अनेक घरांत केला जातो तोही हितकर नव्हे, कारण तेवढ्या वेळात तेल पुरेसे तापत नाही आणि ज्वलनातून आलेली वाफ इंजिनातच पाणी होऊन राहते. गाडी रस्त्यावर काढून ती पूर्ण तापेपर्यंत चालवावी, हाच तिचा व्यायाम आणि हेच तिचे औषध.

आणि रोज चालविणाऱ्यापाशी आणखी एक गोष्ट असते, जी कोणत्याही पुस्तिकेत छापलेली नाही. घरातल्या चुलीचा स्वभाव जसा तिच्यावर रोज रांधणारीलाच ठाऊक असतो, तसा या गाडीचा स्वभाव तिच्या पहिल्या मालकाला ठाऊक असतो. चोक किती ओढावा आणि केव्हा आत ढकलावा, सेल्फ किती क्षण द्यावा, पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरची टोपी कोरड्या फडक्याने कोठे पुसावी, खंबाटकीचा घाट चढताना तापमानाचा काटा कोठवर गेला तर चिंता करू नये आणि कोठे गेला तर गाडी बाजूस घ्यावी, हे तो शब्दांत सांगू शकेलच असे नाही. पण इंजिनाच्या आवाजात रेघेएवढाही फरक पडला तर त्याच सकाळी तो गाडी मेस्त्रीकडे नेतो, आणि दोष पंधरा रुपयांच्या वॉशरचा असतानाच सापडतो. मालक बदलला की हे ज्ञान नोंदपुस्तकाबरोबर हस्तांतरित होत नाही. ज्या मेस्त्रीने गाडीचे इंजिन एकदा खोलून रीबोअर केले, त्याच्या मुलाकडेच ती आज जाते, असेही अनेक ठिकाणी आढळेल. मालक, मेस्त्री आणि यंत्र या तिघांची ही सोबत दोन पिढ्यांची असते. सुटा भाग मिळाला नाही तर कुर्ल्याचा सी.एस.टी. रोड, मुंबईचा चोरबाजार किंवा पुण्याचा जुना बाजार धुंडाळावयाचा. तेथेही नाही मिळाला, तर लेथवर घडवून घ्यावयाचा.

या सर्व विवेचनाचा परमावधीचा दाखला मात्र आपल्या देशातला नाही. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर विज्ञान शिकविणारे अर्व्ह गॉर्डन नावाचे एक शिक्षक होते. १९६६ च्या जून महिन्याच्या अखेरच्या दिवशी त्यांनी आपल्या वर्षाच्या पगाराच्या जवळपास पोहोचणारी रक्कम, ४,१५० डॉलर, मोजून व्होल्वो कंपनीची लाल रंगाची १८००-एस ही गाडी घेतली, आणि शाळेच्या जाण्यायेण्यासाठी ती रोज सव्वाशे मैल चालविली. १९८७ साली तिने दहा लाख मैलांचा टप्पा गाठला, २००२ साली वीस लाखांचा, आणि सप्टेंबर २०१३ मध्ये अलास्कातील एका महामार्गावर तीस लाखांचा; म्हणजे अठ्ठेचाळीस लाख किलोमीटर, एका गाडीने, एका मालकाच्या हातून, बिनव्यापारी उपयोगात. गिनेसच्या ग्रंथात हा विक्रम नोंदलेला आहे. त्या गाडीचे इंजिनही चार सिलिंडरांचे, ओतीव लोखंडाचे, साधेच होते. पाच भक्कम बेअरिंगांवर फिरणारा तिचा क्रँक हे तिच्या दीर्घायुष्याचे एक कारण मानले जाते. उरलेले कारण त्या शिक्षकाच्या शिस्तीत होते. कंपनीच्या पुस्तिकेत जे लिहिले आहे ते लिहिलेल्या वेळी करावयाचे, तेल वेळेवर बदलावयाचे आणि नवा आवाज आला तर ऐकले नाही असे करावयाचे नाही, यापलीकडे त्यांच्यापाशी गुप्त विद्या नव्हती. २०१८ साली ते वारले तोपर्यंत ती गाडी चालतीच होती.

फ्लोरिडातील रेचल व्हीच या बाईंची कथा मला याहूनही उदात्त वाटते. १९६४ साली त्यांनी मर्क्युरी कंपनीची कॉमेट ही गाडी नवी घेतली, आणि पेट्रोल, तेल, दुरुस्ती यांची काटेकोर टिपणे ठेवीत ती पाच लाख शहात्तर हजार मैल चालविली. बॅटरी, सायलेन्सर यांसारखे भाग गाडीच्या हयातीपर्यंतच्या हमीचे घेऊन त्या ते पुनःपुन्हा हक्काने बदलून घेत. २०१२ साली, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, दृष्टी क्षीण झाल्याचे ध्यानात येताच त्यांनी गाडी चालविणे आपण होऊन थांबविले. गाडी धडधाकट होती. जे यंत्राच्या बाबतीत त्या आयुष्यभर करीत आल्या, म्हणजे दोष लहान असतानाच ओळखणे, तेच त्यांनी स्वतःच्या बाबतीत केले. वृद्ध चालकाविषयी घरच्यांना जी काळजी वाटते ती योग्यच आहे. फियाटला पुढे डिस्क ब्रेक नाहीत, आघात शोषून घेणारी आधुनिक रचना नाही, धूर शुद्ध करणारे उपकरण नाही, आणि म्हणून तिच्या चालकाची नजर, मान व पाय इतरांहून अधिक तरतरीत असले पाहिजेत. परंतु ही परीक्षा वयाच्या आकड्याने न घेता प्रत्यक्ष तपासणीने घेतली जावी. आपला कायदा दर पाच वर्षांनी तशी संधी देतो; डॉक्टरांनी ती तपासणी केवळ सहीपुरती न मानता कसोशीने पार पाडावी.

गाडीच्या बाबतीत मात्र कायद्याचा रोख मला पुरता पटत नाही. २०२१ साली केंद्र शासनाने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राहिलेल्या वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीची तजवीज केली, त्यांना व्ही.ए. या अक्षरांचा खास क्रमांक देऊ केला, आणि नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये ठेवले; हेतू निःसंशय चांगला होता. पण अशी नोंदणी झालेले वाहन प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, रॅली, इंधन आणि दुरुस्ती एवढ्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. नित्याच्या कामास ते काढण्यास मनाई आहे. म्हणजे वारशाचा मान मिळावयाचा तर गाडीने चालणे सोडावे, आणि चालावयाचे तर तिने इतर जुन्या वाहनांच्या रांगेत उभे राहून, २०२२ साली सहाशेवरून पाच हजारांवर गेलेले आणि त्यानंतरही वाढलेले नूतनीकरणाचे शुल्क आणि वर पर्यावरण कर भरावा. पहिल्या मालकाच्या नावावर असलेल्या, तपासणीत उतरणाऱ्या आणि मर्यादित अंतर चालणाऱ्या गाडीला या दोहोंमधील एखादी तिसरी वाट शासनाने काढून द्यावी. अशा गाड्या इतक्या थोड्या आहेत की त्यांच्या धुराने शहराची हवा बिघडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सींची शेवटची मुदत २९ ऑक्टोबर २०२३ रोजी संपली आणि एके काळी रस्ते व्यापणारी ती जात भाड्याच्या व्यवसायातून नाहीशी झाली. खासगी नोंदणीतल्या ज्या उरल्या आहेत, त्यांच्यापुरता तरी हा विचार व्हावा.

वाचकांपैकी कोणाच्या घरी, आळीत किंवा सोसायटीत असा मालक आणि अशी गाडी असेल, तर त्यांना माझी विनंती आहे. त्यांच्या शेजारच्या आसनावर बसून चार फेऱ्या करा. ते काय करतात आणि का करतात हे विचारून वहीत उतरवून ठेवा. खरेदीची पावती, नोंदपुस्तक, कंपनीची पुस्तिका ही कागदपत्रे एका जागी ठेवा. मेस्त्रीचे नाव-गाव लिहून घ्या. मालकाने चालविणे थांबविले की वारसांनी रीतसर नाव लावून घ्यावे आणि गाडी कापडाखाली झाकून न ठेवता आठवड्यातून निदान दोन-तीन वेळा दहा-बारा किलोमीटर चालवावी.