बारामती शोधली, भीमथडी सापडली

भाचीनं ग्रंथालयातल्या कॉम्प्युटरवर ‘इंदापूर’ टाइप केलं आणि एंटर दाबलं. तीन नोंदी आल्या. एक साखर कारखान्याचा वार्षिक अहवाल, दुसरी कुठल्याशा गौरव समारंभाची स्मरणिका आणि तिसरा एक कवितासंग्रह, कारण कवीचं आडनाव इंदापूरकर. तिनं माझ्याकडं वळून विचारलं, “मामा, आपल्या तालुक्याला इतिहासच नाही का?”

ती एम.ए.ला आहे, विषय इतिहास. प्रकल्पासाठी तिनं स्वतःचंच गाव घेतलंय, निमगाव केतकी. पानमळ्यांचं गाव म्हणून ते सगळ्यांना ठाऊक, त्यापलीकडं फारसं कुणाला नाही. मी काही इतिहासाचा प्राध्यापक नव्हे. पाटबंधारे खात्यात नोकरी झाली. नीरा डाव्या कालव्याचे जुने कागद चाळता चाळता हा नाद लागला आणि निवृत्तीनंतर तोच धंदा झाला. त्यामुळं बहिणीनं पोरीला माझ्याकडं बारामतीला पाठवून दिलं, “दोन दिवस तुझ्याबरोबर फिरव” म्हणून.

इतिहास आहे, पण तो आपण मारलेल्या हाकेला ओ देत नाही. त्याचं त्या काळचं नाव घ्यावं लागतं. बारामतीचंच बघा. इंग्रजी अमदानीत आजच्या बारामती तालुक्याचं नाव होतं भीमथडी, म्हणजे भीमेची थडी. भीमथडीची तट्टं म्हणून घोड्यांची जात प्रसिद्ध, त्यातली भीमथडी हीच. सुपंही तीत, दौंडही तीत. त्याच्या मागं गेलात तर परगणे सुपे. शहाजीराजांच्या जहागिरीची यादी पुणे, सुपे, इंदापूर अशी येते, बारामती नव्हे. म्हणजे ‘बारामती’ असा शब्द देऊन शेतसारा, दंगल, दुष्काळ यांतलं काही शोधायला बसलात तर हाती जवळजवळ काहीच लागत नाही. लागतात ते मोरोपंत.

आणि तेही इतिहासाच्या रॅकवर नाहीत. हे मी तिला प्रत्यक्ष फिरवूनच दाखवलं. ड्युईच्या वर्गीकरणात महाराष्ट्राचा इतिहास 954.792 वर येतो. तिथं बाबूजी नाईक जोशी बारामतीकर भेटतात. मोठे सावकार, पेशव्यांचे सोयरे. बाजीरावाची बहीण भिऊबाई बाबूजींच्या भावाला, आबाजी नाइकांना दिलेली. 1740 साली बाजीराव गेल्यावर रघूजी भोसल्यांनी पेशवाईसाठी पुढं केलेलं नाव या बाबूजींचंच. पण याच बाबूजींच्या आश्रयानं ज्यांनी बारामतीत आयुष्य काढलं ते मोरोपंत 891.461 वर, मराठी कवितेत. मधे दोन खिडक्या आणि एक पाण्याचा कूलर. शेतजमिनीची मोजणी 333 वर, अर्थशास्त्रात. आमचा कालवा 627 वर, इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत, जिकडं इतिहासाचं पोरगं जन्मात फिरकत नाही. एक गाव आणि चार रॅक. नुसता संगणक बघून उठणाऱ्याला हे कळत नाही. बोधांक, म्हणजे पुस्तकाचा रॅकवरचा क्रमांक, मिळाला की रॅकपाशी जावं आणि हव्या त्या पुस्तकाच्या डावी-उजवीकडची दहा दहा पुस्तकं बघावीत. माझ्या कामाच्या निम्म्या गोष्टी मला शेजारच्याच पुस्तकात मिळाल्यात.

संदर्भ विभागातून आम्ही गॅझेटिअर काढलं. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा अठरावा खंड पुणे जिल्ह्याचा, 1885 चा, तीन भागांत. ते आता इंटरनेटवरही आहे. भाची म्हणालीच, “मग इथं कशाला बसायचं? मोबाईलवर सर्च करू.” केला. ‘इंदापूर’ पुष्कळ ठिकाणी सापडलं. पण गॅझेटिअरच्या आधीचे, 1830-40 च्या सुमाराचे कागद काढले की हा शोध थंड पडतो, कारण साहेब कानाला लागेल तसं लिहायचा. इंदापूरच्या शेवटी कधी एक ‘यू’, कधी दोन ‘ओ’. सुरुवातीला कधी ‘आय’, तर कधी चक्क दोन ‘ई’. भीमथडीचं तर विचारूच नका. मी तिला वहीच्या पहिल्याच पानावर प्रत्येक गावाची चार-चार स्पेलिंगं लिहायला लावली. शोध पाचव्या स्पेलिंगलाही लागतो कधीकधी.

आणि इंदापूर म्हणजे या बाबतीत साधासुधा तालुका नव्हे. मुंबई इलाख्याची जमीन मोजणी, जिच्यावर आपला सातबारा अजून उभा आहे, तिची पहिली परीक्षा इंदापुरात झाली. आधी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं केलेली आकारणी इतकी चढी आणि चुकीची निघाली की शेतकऱ्यांनी जमिनी टाकल्या. त्याआधी होळकरांची धाड आणि 1803 चा दुष्काळ यांनी तालुका खिळखिळा झालेलाच होता. मग 1835 मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट इंदापुरात आले. नवी मोजणी झाली, सारा उतरवला गेला आणि 1836 पासून तो तीस वर्षांसाठी बांधून दिला. पुढं हीच पद्धत दख्खनभर गेली, आणि 1847 च्या संयुक्त अहवालात तिचे नियम पक्के झाले.

त्या नियमांतला जमिनीच्या प्रतीचा तक्ता मी तिच्यापुढं ठेवला. मातीचे तीन प्रकार: काळी, तांबडी, बरड. खोलीवरून नऊ प्रती. पावणेदोन हात खोल काळीला सोळा आणे, तिथून खाली उतरत उतरत शेवटच्या प्रतीला दोन आणे. भाचीनं तक्त्याचा फोटो काढला आणि आबांना, म्हणजे तिच्या आजोबांना, पाठवून दिला. मला वाटलं, पोरं करतात तसं केलं असेल.

दुसऱ्या दिवशी पुणं. सकाळची विनाथांबा एसटी, स्वारगेट, तिथून विद्यापीठ. गणेशखिंडीतलं जयकर ग्रंथालय विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरूंच्या नावानं आहे. विद्यापीठ 1949 चं. बारामती-इंदापूरची कॉलेजं याच विद्यापीठाखाली येतात, तरी इतिहास घेतलेल्या आमच्याकडच्या पोरांतली फार थोडी इथवर येतात. कॉलेजचं ओळखपत्र आणि विभागप्रमुखांचं पत्र एवढं जवळ असलं की निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं काउंटरवर आपण काय मागतो यावर. “इंदापूरवर काही आहे का?” असं विचारलं तर “नाही” हेच उत्तर येणार, आणि त्यात समोरच्याची चूक नाही. “अमुक ग्रंथमाला, तमका खंड” म्हटलं की माणूस खुर्चीतून उठतो.

आम्हाला हवा होता एक प्रबंध. मिचिहिरो ओगावा या जपानी संशोधकानं पुणे विद्यापीठाच्या पीएच.डी.साठी विषय घेतला इंदापूर परगण्याचा, काळ 1761 ते 1828. भाचीला हे सांगितलं तेव्हा तिचा विश्वासच बसेना. “जपानवरून? आपल्या इंदापूरला?” तर हो. आपण ज्या गावातून उसाची ट्रॉली कधी निघेल याची वाट बघत उभे असतो, तिथल्या पेशवेकालीन हिशेबांसाठी माणूस जपानहून येऊन मोडी वाचत बसला.

प्रबंध वाचायची माझी रीत उलटी आहे. शेवटून सुरुवात. आधी संदर्भसूची, मग तळटीपा, आणि मग वेळ उरला तर निष्कर्ष. निष्कर्ष त्याचे, तळटीपा सगळ्यांच्या. पुणे पुराभिलेखागारातल्या पेशवे दप्तराचा कोणता विभाग, रुमाल कितवा, हे तळटीपेत मिळतं. रुमाल म्हणजे कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं, आणि अशी हजारो गाठोडी तिथं आहेत. नंबराशिवाय त्यांत शिरणं म्हणजे उसाच्या फडात हरवलेलं कोकरू शोधणं. इतिहासकार सरदेसायांनी याच दप्तरातून निवडून 45 खंड छापले, ते ग्रंथालयात बसून वाचता येतात. पण त्यांची निवड मुख्यतः राजकारणाची. एखाद्या गावानं किती वसूल दिला, किती सूट मागितली, हे कंटाळवाणे कागद बहुतेक रुमालातच राहिले. आपल्या कामाचे नेमके तेच. ताळेबंद, झडती, अजमास हे शब्द दिसले की थांबायचं, एवढं तिला सांगून ठेवलं.

आणि तारखांबद्दल सांगितलं, कारण तिथं मी स्वतः तोंडावर आपटलोय. एका कागदावर ‘इहिदे सबैन मया व अलफ’ असं साल होतं. अरबी आकडे, एककापासून उलटे वाचायचे: एक, सत्तर, शंभर, हजार. म्हणजे 1171. इथवर बरोबर. पण मी ते फसली साल धरलं आणि इसवी सन काढायला 590 मिळवले. आलं 1761. पानिपतचं साल! वसुलात सूट, तीही पानिपतच्या वर्षी. माझ्या डोक्यात दोन दिवसांत लेख तयार झाला. पानिपतावर गेलेली माणसं, ओस पडलेली शेतं, सगळं. एका जाणत्या माणसाला दाखवला तर तो हसला आणि म्हणाला, “अहो, हे शुहूर सन आहे. 599 मिळवा.” म्हणजे 1770-71. पानिपतला नऊ वर्षं उलटून गेलेली. लेख फाडला. तो कागद मात्र अजून जवळ आहे, आणि कोणत्याही कागदावर सन दिसला की आधी ‘कुठला?’ हे मी समासात लिहितो.

दुपारी कॅन्टीनमध्ये भाचीनं सुप्याचं विचारलं. 12 मे 1875 ला सुप्याच्या बाजारात सावकारांची खाती-रोखे जाळले गेले, ते शाळेच्या पुस्तकात एका ओळीत येतं. त्या दंग्यांवरचा चौकशी अहवाल 1876 चा आहे, परिशिष्टांसकट. मी म्हटलं, अहवालापेक्षा परिशिष्टं वाच. अहवालात सरकार बोलतं, परिशिष्टांत कर्ज बोलतं. आणि शोधताना भीमथडी लिही. “हो मामा, कळलं आता,” ती म्हणाली, जरा वैतागूनच.

संध्याकाळच्या एसटीत ती झेरॉक्सची पानं लावत बसली होती. सासवड मागं पडल्यावर तिचा फोन वाजला. आबा होते. त्यांनी फोटो आत्ता बघितला होता. स्पीकरवर टाकल्यावर त्यांचा आवाज अख्ख्या गाडीला ऐकू गेला:

“त्यात बरड लिहिलंय ना? आपला वरचा तुकडा बरडच. माझा बाप म्हणायचा, त्याला साहेबानं कमी आणे दिलेत म्हणून पट्टी कमी. किती आणे होते गं ते?”

तिनं माझ्याकडं पाहिलं. ते ग्रंथालयात नसतं. ते असलंच तर इंदापूरच्या भूमी अभिलेख कार्यालयात: टिपण, प्रतिबुक, आकारबंद.

“आबा, जुना सर्व्हे नंबर आठवतो का?” तिनं विचारलं आणि झेरॉक्सच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन टेकवलं.