दोनशे रुपये जातात कुठं?

बालमित्रांनो, तुमचे आई-बाबा नोकरी करत असतील, तर त्यांच्या पगाराची स्लिप एकदा बघायला मागा. कापून घेतलेल्या रकमांमध्ये 'व्यवसाय कर – २०० रुपये' असं बहुधा दिसेल. माझ्याही पगारातून ते दरमहा कापतात. फेब्रुवारीत मात्र ३००. मग वर्षाचे झाले किती? बरोब्बर, २५००!

"बाई, तुमचे पैसे सरकार का घेतं?" चौथीतल्या एका मुलीनं मला विचारलं. मी तिला माझ्या आजीची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला सांगते.

१९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, शेतं ओस पडली. आजीला स्वतःची जमीन नव्हती. ती दुसऱ्याच्या शेतात मजुरी करायची. शेतच पिकलं नाही, तर मजुरी कुठली? तेव्हा सरकारनं दुष्काळी कामं काढली. आजी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाई. माझी आई तेव्हा तान्ही होती. तिला बाभळीला झोळी बांधून निजवायचं आणि हातोडा उचलायचा! मे १९७३ मध्ये राज्यात अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती.

दुष्काळ सरला. पण मुलांनो, ज्याचं पोट रोजच्या मजुरीवर आहे, त्याच्याकडे बिनकामाचे दिवस दरवर्षीच येतात. त्या वेळी वि. स. पागे हे आपल्या विधान परिषदेचे सभापती होते. त्यांचं म्हणणं असं, की खेड्यातल्या माणसानं काम मागितलं तर ते मिळालंच पाहिजे. यातून 'रोजगार हमी योजना' उभी राहिली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम द्यायचं, नाहीतर बेकारभत्ता द्यायचा! आजी म्हणायची, "दुष्काळात काम मिळालं म्हणून हात जोडले. पुढं मात्र ताठ मानेनं काम मागाया गेले."

पण मजुरीला पैसे कुठून आणायचे? त्यासाठीच १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. नोकरी-धंदा करणाऱ्यांनी थोडे थोडे द्यायचे आणि सरकारनं तेवढीच भर घालायची. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातले पैसे असे खेड्यातल्या पाझर तलावावर पोचले. पुढे २००५ साली साऱ्या देशासाठी रोजगार हमीचा कायदा झाला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होताच.

आहे ना छान? पण थांबा, यात एक खोट आहे. चला, गणित करू.

एका कारखान्यातल्या कामगाराला महिना १५ हजार रुपये मिळतात. त्याच कारखान्याच्या मोठ्या साहेबांना महिना ५ लाख. दोघांचा वर्षाचा व्यवसाय कर किती? दोघांचाही २५००! कामगाराची ही पाच दिवसांची कमाई झाली. साहेबांच्या मात्र एका दिवसाच्या कमाईचा सहावा हिस्सासुद्धा नाही. याहून जास्त व्यवसाय कर घ्यायचा नाही, अशी मर्यादाच आपल्या राज्यघटनेत आहे. १९८८ साली ती २५० वरून २५०० केली. त्यानंतर पगार कितीतरी वाढले, मर्यादा तिथंच राहिली.

सहलीला निघताना पहिलीतल्या पिंट्याच्या आणि सातवीतल्या ताईच्या पाठीवर आपण सारखंच ओझं देतो का? नाही ना! सगळ्यांना सारखं म्हणजे न्याय, असं नेहमीच नसतं, बरं का. प्राप्तिकरात ही गोष्ट पाळतात. कमाई जास्त, तसा कराचा दरही जास्त. पण साबणाची वडी घेताना मजूर आणि कोट्यधीश सारखाच कर भरतात. म्हणून मला वाटतं, मोठ्या कमाईवरचा कर वाढावा आणि त्यातून गरिबाच्या कामाला, शाळेला, औषधाला पैसा मिळावा. ही काही भीक नव्हे. त्या गरिबानं फोडलेल्या खडीवरूनच आपली एस्टी धावते!

आता तुमचा गृहपाठ. घरी आजी-आजोबांना १९७२ च्या दुष्काळाबद्दल विचारा. मग आई-बाबांना विचारा, "आपल्या घरातून कोणकोणते कर जातात?" दोन्ही उत्तरं वहीत शेजारी शेजारी लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.